लोह्यातलं लोह

संपादकांचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात अंबाडीची जुडी निवडत होते. "यंदा अंकाचा विषय 'धातू' ठेवलाय. सोन्यावर दोघं लिहितायत, तांब्यावर एक जण. तुम्ही मराठवाड्यात काय सापडतं ते बघा," म्हणाले. जुडी पिशवीत टाकताना डोक्यात आलं की हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. लोखंड, तांबं, जस्त हे धातू. आणि वैद्यांच्या भाषेत रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे शरीराचे सात धातू. म्हणजे लोह धातू आणि रक्तही धातूच. या दोघांची गाठ जिथं पडते ते गाव शोधायला नकाशा लागला नाही. नांदेडहून लातूरकडं निघालं की वाटेत लागतं ते लोहा.

गावाच्या नावावर कोटी करायला कुणी पहाटे चारला उठत नाही. मी उठले ते रस्त्यावर पळणाऱ्या पोरींसाठी. पावसाळ्यात मैदानावर घोटाभर चिखल असतो, म्हणून पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली डांबरी रस्त्याची कड धरून पळतात. पुढच्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च, मागच्याच्या हातात घड्याळ. इथली भाषाच आकड्यांची आहे. पोरांचं "सोळाशे", पोरींचं "आठशे". सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर २० पैकी २० गुण. मुलींना आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारायचं. गोळाफेक आणि शंभर मीटर धरून मैदानी चाचणीचे ५० गुण, लेखीचे १००. एकेका सेकंदावर नोकरी अडकलेली.

दुसरी फेरी संपली आणि एक मुलगी रस्त्याच्या कडेला मटकन बसली. गुडघ्यात डोकं. बरोबरची म्हणाली, "काही नाही मॅडम, तिला अंधारी येती. रक्त कमी हाय, नऊ टक्के."

"गोळ्या घेते का?"

"घेती की. चहासंगं."

लेख मला तिथंच मिळाला.

नऊ टक्के म्हणजे काय

गावोगाव रक्त टक्क्यांत सांगतात. हा टक्का जुन्या प्रयोगशाळेतून आला, 'ग्रॅम टक्के', म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन. बाईला, गरोदर नसेल तर, बारा हवं, पुरुषाला तेरा. अकरा ते बाराच्या आत सौम्य, आठ ते अकराच्या आत मध्यम आणि आठच्या खाली तीव्र रक्तक्षय. कडेला बसलेली मुलगी मधल्या रांगेत होती.

हिमोग्लोबिन ही लाल पेशीतली मालगाडी. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि ऑक्सिजन त्या लोहालाच लोंबकळून जातो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन उचलतं. तेरा टक्केवाली मुलगी १०० मिलिलिटर रक्तातून साडेसतरा मिलिलिटर नेते, नऊवाली बारा. जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. घरात वावरताना हे लक्षात येत नाही, कारण हृदय खेपा वाढवून भागवतं. आठशे मीटरच्या शेवटच्या दोनशेत मात्र हृदय आधीच शिखरावर असतं, खेपा वाढवायला जागा नसते. तिथं अंधारी येते. तिला कुणी "दम नाही" म्हणतं, कुणी "मन लावत नाही" म्हणतं.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. मधल्या काळात गोळ्या वाटणं बंद झालेलं नव्हतं. उलट २०१८ साली केंद्र सरकारची 'अॅनिमियामुक्त भारत' मोहीम सुरू झाली. गोळी आहे, गोळी वाटणारी माणसं आहेत, तरी रक्त चढत नाही. हे का, ते समजून घ्यायला मी लोह्यातून निघून आसपासच्या गावांत फिरले.

निळी, गुलाबी, लाल

एका गावातल्या आशाताईंच्या पिशवीत तिन्ही रंग होते. पाच ते नऊ वर्षांच्या लेकरांना गुलाबी गोळी, ४५ मिलिग्रॅम लोहाची. दहा ते एकोणीस वयाला निळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, आठवड्यातून एकदा. बायकांना लाल, गरोदरपणात रोज एक, निदान १८० दिवस. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी, कारण आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्तच पितात. अनवाणी शेतात जाणाऱ्या पायांतून ते अंगात शिरतात.

"वाटणं सोपं हाय ताई," आशाताई म्हणाल्या, "पोटात जाणं अवघड. मळमळतंय म्हणून एकीनं टाकून दिली. एकीला शी काळी झाली, तर सासू म्हणली, आतून जळलालीस तू, बंद कर." काळी शी होणं ही न शोषलेल्या लोहाची खूण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण हे गोळी देतानाच सांगावं लागतं. शाळेत निळी गोळी जेवणानंतर देतात ती मळमळ टाळायला. पोटात अन्न असलं की लोह कमी शोषलं जातं, हे आरोग्य खात्यालाही ठाऊक असतं. रिकाम्या पोटी देऊन निम्म्या मुलींनी गोळी फेकण्यापेक्षा भरल्या पोटी थोडं कमी शोषलेलं परवडलं, असा तो हिशेब.

भरतीच्या मुली मात्र शाळेबाहेर पडलेल्या असतात. एकोणीस ओलांडली की निळी गोळी संपते. लग्न झालेलं नाही, म्हणून गरोदर बाईच्या यादीतही नाव नाही. लालच्या यादीत बसतात, पण आशाताई दुपारी दारात येते तेव्हा पोरगी तालुक्याला अभ्यासिकेत असते. मग मेडिकलवरून पट्टी आणली जाते, तीही मैदानाची तारीख लागल्यावर.

पंगतीचं वरण

इथं एक गैरसमज आधी दूर करते. नेमानं पळणाऱ्याचं हिमोग्लोबिन थोडं खाली दिसलं की ते नेहमी आजारपण नसतं. पळायला सुरुवात केल्यावर थोड्याच दिवसांत रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाढतो. पंगतीला माणसं वाढली की वरणात पाणी घालतात तसंच हे. डाळ तेवढीच राहते, वाटीतलं वरण पातळ दिसतं. पातळ रक्त बारीक वाहिन्यांतून सहज वाहतं, घामासाठी पाणी हाताशी राहतं. हे शरीराचं शहाणपण आहे. पुढं महिनोन्‌महिने सराव झाला आणि लोह पुरेसं असलं, तर डाळही वाढते. एकूण हिमोग्लोबिन चढतं. साडेबारा टक्क्यांच्या धावपटू मुलाला "तुला रक्त नाही" म्हणून घाबरवण्याआधी हे वरण आठवावं.

पण पळणाऱ्याची डाळही कमी होते, त्याच्या तीन-चार वाटा आहेत. पहिली पायाखालची. १८८१ साली फ्लायशर नावाच्या जर्मन डॉक्टरनं एका सैनिकाची नोंद केली. लांब कूच करून आला की त्याची लघवी काळपट लाल व्हायची. तळपायाच्या वाहिन्यांतून जाणाऱ्या लाल पेशी प्रत्येक आपटणीला चिरडत होत्या. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच खेळाडूंना एकदा तासभर पळवलं आणि एकदा तासभर सायकल चालवायला लावली. पेशी दोन्हीत फुटल्या, पण पळताना कितीतरी जास्त. आपली पोरं डांबरावर, तळ झिजलेल्या बुटांत पळतात. फुटलेल्या पेशीतलं बरंचसं लोह शरीर परत गोळा करतं, पण सगळं नाही.

दुसरी वाट घामाची, थोडीशी. तिसरी पोटाची. गुडघा दुखतो म्हणून रोज दुखण्याची गोळी घेऊन पळणारी मुलं मला भेटली. या गोळ्या पोटाच्या अस्तराला ओरखडे काढतात आणि थेंब थेंब रक्त नकळत जातं. चौथी वाट फक्त मुलींची. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे पंधरा-वीस मिलिग्रॅमच्या घरात लोह. अन्नातून दिवसाला शोषलं जातं ते एक ते दोन मिलिग्रॅम, आणि रोजची नेहमीची झीज एक मिलिग्रॅमची. जिची पाळी याच्या दुप्पट जाते तिचा जमाखर्च कधीच जुळत नाही. मी विचारलं तेव्हा कडेला बसलेली मुलगी पहिल्यांदा मान वर करून बोलली, "सात दिवस जातंय. सरांला कसं सांगू?" सरावाची वही काटेकोर होती. फेऱ्या, सेकंद, गोळ्याचं अंतर, सगळं त्यात होतं. पाळीचा रकाना नव्हता.

कारखान्याचं गेट

मग गोळीनं का भरत नाही? या प्रश्नाचं उत्तर शास्त्राला फार उशिरा सापडलं. २००० च्या सुमारास यकृतात तयार होणारा एक छोटा पदार्थ हाती लागला, हेपसिडिन. अवघ्या पंचवीस अमिनो आम्लांची साखळी, पण लोहाचा सगळा कारभार तिच्या हातात.

मराठवाड्यात हे समजवायला साखर कारखान्याचं गेट पुरतं. गाळप जोरात असलं की ट्रॅक्टर, गाड्या सरसर आत जातात. आत माल साठला किंवा बिघाड झाला की गेट बंद. मग रस्त्यावर गाड्यांची रांग वाढवून उपयोग नसतो. ऊस तिथंच वाळतो. आतड्याच्या भिंतीतून लोह रक्तात उतरायला एकच दार आहे आणि हेपसिडिन ते दार लावतं. लोह भरपूर असलं की लावतं, आणि शरीरात कुठं जळजळ, ताप, संसर्ग असला तरी लावतं. जंतूंनाही लोह हवं असतं, त्यांना ते मिळू नये म्हणून ही नाकेबंदी.

पळणाऱ्याची गोम इथंच आहे. जोराचा व्यायाम म्हणजे शरीराला छोटी जळजळच. पळून झाल्यावर तीन ते सहा तासांत हेपसिडिन चढतं. पहाटे साडेपाचला पळालेल्या मुलीचं गेट नऊ ते बाराच्या दरम्यान लागलेलं असतं, आणि तिची भाजी-भाकरी, तिची गोळी नेमकी त्याच वेळी पोटात जाते. लोहाची गरज सगळ्यात जास्त आणि गेट बंद!

गोळी स्वतःही गेट लावते. साठ मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की पुढं जवळजवळ दिवसभर हेपसिडिन वर राहतं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संशोधकांनी हे तपासून २०१७ साली प्रसिद्ध केलं. लोह कमी असलेल्या तरुण बायकांच्या एका गटाला सलग चौदा दिवस रोज गोळी दिली, दुसऱ्या गटाला तेवढ्याच गोळ्या दिवसाआड दिल्या. रोज घेणाऱ्यांत १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआड घेणाऱ्यांत २१.८ टक्के. गोळ्या तेवढ्याच, रक्तात उतरलेलं लोह तिसऱ्या हिश्शानं जास्त, आणि मळमळीला एक दिवस सुट्टी. त्या बायकांना रक्तक्षय नव्हता आणि त्या गरोदर नव्हत्या, हे लक्षात ठेवायला हवं. गरोदर बाईनं आणि फार रक्त कमी असलेल्यानं डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे रोजच घ्यावी. पण "दोन दोन घेतल्या की लवकर चढतं" हा जो समज मला प्रत्येक अभ्यासिकेत ऐकू आला, त्याला या आकड्यांनी उत्तर मिळतं. गेटवर गाड्या वाढवून गाळप वाढत नाही.

वेळेचंही तसंच. लोह सकाळी जास्त शोषलं जातं. धावपटूंवरच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात असं दिसलं की सकाळी पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत लोह घेतलं तर ते गेट लागण्याआधी आत सरकतं. म्हणजे जागा आहे ती धाव संपल्यावर घाम पुसता पुसता, किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी. नेमकी ही जागा आपल्याकडं चहानं अडवलेली आहे.

चहा, भाकरी आणि अंबाडी

सराव संपला की सगळे टपरीवर. सहा पोरी, सहा चहा, दोन पुडे बिस्किटं. गोळी त्याच घोटाबरोबर. चहातली टॅनिन्स लोहाला मिठी मारून बसतात आणि शोषण निम्म्याहून जास्त घटतं. टपरीवाल्या मामांना मी हे सांगितलं तर हसून म्हणाले, "म्हणजे पोरींचं रक्त मीच प्यालालाव म्हणा की!" चहा सोडा असं कुणाला सांगायचं धाडस मला नाही. गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तास-दीड तास थांबला तरी भागतं.

इथल्या ताटात लोह नाही असं नाही. ज्वारीत आहे, बाजरीत त्याहून जास्त, डाळींत, तिळात, कारळात, पालेभाज्यांत आहे. अडचण अशी की धान्य-डाळीतलं लोह फायटेट नावाच्या पदार्थानं बांधलेलं असतं. मटण-कलेजीतलं लोह वेगळ्या वाटेनं जातं आणि पटकन शोषलं जातं, पण ते घरात आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, आणि पोरीच्या ताटात शेवटी. माळकरी घरात तेही नाही. बांधलेलं लोह सोडवायचं तर आंबट हवं, नाहीतर मोड आलेलं. लिंबू, आवळा, पेरू, मोड आलेली मटकी.

आणि अंबाडी. मराठवाड्याच्या ताटातली ही आंबट भाजी आजी लोखंडी कढईत शिजवायची, वर लसणाची फोडणी. आंबट पदार्थ लोखंडाच्या भांड्यात शिजला की भांड्यातलं लोह अन्नात उतरतं, हे अनेक प्रयोगांत मोजलं गेलंय. इथिओपियात तर लोखंडी भांडी वापरणाऱ्या घरांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन अॅल्युमिनियम वापरणाऱ्यांपेक्षा जास्त चढलेलं १९९९ साली नोंदलं गेलं. मी ज्या पाच स्वयंपाकघरांत डोकावले, त्यातल्या चारांत कढई अॅल्युमिनियमची नाहीतर नॉनस्टिकची होती. लोखंडी कढई एका घरी सापडली, कोंबड्यांना पाणी ठेवायला.

गूळ-शेंगदाण्यावर सगळ्यांचीच श्रद्धा. पळणाऱ्याला ताकद म्हणून ते उत्तम. पण नऊ टक्के रक्त गुळानं तेरा होत नाही. कमतरता अन्नानं टाळता येते. एकदा खोल गेली की भरून काढायला औषधच लागतं.

गिरणीपासून ज्वारीपर्यंत

निळ्या गोळीत लोहाबरोबर जे फॉलिक अॅसिड असतं, त्याची कहाणी मुंबईची आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायका रक्तक्षयानं दगावत होत्या, आणि तो रक्तक्षय लोहानं हटत नव्हता. तिनं त्यांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा अर्क, मार्माइट, देऊन त्या बायका बऱ्या होतात हे दाखवलं. १९३१ साली तिनं ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढं फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. मुंबईच्या गिरणी कामगार बायकांचं हे देणं आज जगभरच्या गोळीत आहे.

दुसरी कहाणी शेताची. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था यांनी जास्त लोहाची बाजरी काढली, 'धनशक्ती'. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलांना काही महिने दोन वेळा बाजरीची भाकरी दिली, काहींना जास्त लोहाच्या बाजरीची, काहींना साध्या बाजरीची. २०१५ साली निष्कर्ष आले. ज्यांना सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यात जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता सहा महिन्यांत १.६४ पट होती. पुढं हालचाल मोजणारं यंत्र लावून पाहिलं, तर ही मुलं नुसती बसून राहण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. रक्त सुधारलं की अंग आपोआप हलायला लागतं. आळशी म्हणून ज्यांना बोलणी बसतात त्यांच्या बाजूनं हा पुरावा आहे.

मराठवाड्याची ज्वारी मागं राहिली नाही. २०१८ साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' हे वाण दिलं. नेहमीच्या ज्वारीत किलोला ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह, यात ४५. जस्तही २० ऐवजी ३२. भाकरी तीच, पीठ मळणारे हात तेच.

खुराक

लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड आणि कुस्त्यांचा आखाडा. या भागातल्या कसरतीची जुनी व्याख्या तिथली आहे, मेहनत आणि खुराक. दूध, बदाम, तूप. दूध हाडाला आणि स्नायूला चांगलं, पण दुधात लोह जवळजवळ नाही, आणि त्यातलं कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं. म्हणून लोहाची गोळी दुधाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं.

आता खुराकाचे डबे आले आहेत. एका मुलाच्या खोलीत फळीवर जस्त, मॅग्नेशियम, मल्टिव्हिटॅमिन आणि लोह ओळीनं मांडलेले होते. "सगळं थोडं थोडं घेतलालो." जस्त महिनोन्‌महिने जास्त मात्रेत घेतलं तर तांब्याचं शोषण अडतं, आणि तांब्याशिवाय शरीराला लोह वापरता येत नाही. म्हणजे खनिजाची गोळी खाऊनच रक्तक्षय! जास्तीचं लोह बाहेर टाकायची मोरीच शरीरात नाही. रोजची एक मिलिग्रॅम झीज सोडली तर आत गेलेलं आतच राहतं आणि यकृतात, हृदयात साचतं. पुरुषाला पाळी नाही, म्हणून तपासणीशिवाय लोह खाण्याचा धोका त्याला जास्त. मैदानाच्या आधी "ताकदीचं" म्हणून शिरेतून लोह किंवा सलाईन लावून घेणारेही आहेत. शिरेतलं लोह हे डॉक्टरच्या देखरेखीत, कारणानं देण्याचं औषध आहे. सलाईन तर मीठ-पाणी. त्यानं वरण आणखी पातळ होतं.

एचबीच्या खालची ओळ

"सगळे वरचा आकडा बघतात. खालचा कुणी बघत नाही," रक्त तपासणारे दादा म्हणाले आणि रिपोर्टवर पेन ठेवलं. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० नेहमीचा. पेशी बारीक असल्या तर बहुधा लोहाची कमतरता, पण थॅलेसेमियाचा वाहकही असाच दिसतो, आणि त्याला लोहाचा उपयोग नसतो. पेशी मोठ्या असल्या तर बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी. दूधही तोलून-मापून मिळणाऱ्या शाकाहारी घरांत बी-१२ हमखास कमी सापडतं, आणि कितीही लोह दिलं तरी ते रक्त चढत नाही. नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात, सिकलसेल आहे. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. अशा मुलाला पाण्याविना उन्हात जोरात पळवणं जिवावर बेतू शकतं. भरतीला तिकडचीही मुलं येतात.

उलटही घडतं. हिमोग्लोबिन बारा, रिपोर्टवर सगळं ठीक, तरी पाय उचलत नाहीत. शरीरातलं लोहाचं कोठार, फेरिटिन, रिकामं झालेलं असतं. लोह स्नायूतही लागतं, पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीतही. अमेरिकेत २००० साली अशाच, रक्तक्षय नसलेल्या पण कोठार रिकामं असलेल्या बायकांना सहा आठवडे लोह दिलं. सरावानंतर पंधरा किलोमीटर सायकलच्या शर्यतीत लोह घेतलेल्यांची वेळ इतरांपेक्षा जास्त सुधारली.

चार महिने आधी

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच रस्त्यावर गेले. मुलगी आली होती. पळत नव्हती, घड्याळ धरून उभी होती. सरांना सांगितलं का, विचारलं. "मैत्रिणीनं सांगितलं. सर म्हणले, आधी दवाखान्यात जाऊन ये." सरांनी वहीत एक रकाना वाढवला होता, त्यावर नुसतं 'तब्येत' लिहिलेलं. पाळी हा शब्द त्यांच्या पेनातून उतरला नाही, पण रकाना आला.

त्या वहीत आणखी एक हिशेब असायला हवा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. गोळी नीट लागू पडली तर आठवडाभरात नव्या पेशी दिसू लागतात, महिन्यात एक-दोन टक्के रक्त चढतं, नऊचं बारा व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि त्यानंतर कोठार भरायला आणखी तेवढेच. भरतीची जाहिरात निघाल्यावर, मैदानाला पंधरा दिवस उरले असताना चालू केलेली गोळी त्या मैदानाला कामाची नसते. सोळाशेची तयारी जशी चार महिने आधी सुरू होते तशीच रक्ताचीही व्हायला हवी.

तेव्हा पळणाऱ्या पोरा-पोरींना, आणि त्यांना पळवणाऱ्या सरांना, एवढंच सांगणं. पहिली फेरी मारायच्या आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिनबरोबर एमसीव्ही बघून घ्या. कमी निघालं तर डॉक्टरला विचारून गोळी घ्या, लिंबू-पाण्याबरोबर, चहाच्या आधी, आणि रक्त चढल्यावरही दोन-तीन महिने सोडू नका. जास्त पाळी जात असेल तर ती लपवू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.